सुनेच्या वाटणीच्या लेन्स

स्टुडिओवाल्याच्या पोटात दुखत होतं आणि त्याचं कारण घरातच होतं. त्याची बायको.

माणूस तसा वाईट नव्हता. समोरच्या गल्लीत दुसरा फोटो स्टुडिओ निघाला तेव्हा "कमावू दे बिचाऱ्याला" असं म्हणण्याइतकं त्याचं मन मोठं होतं. पण आपल्या बापाच्या तोंडून बायकोचं कौतुक ऐकलं की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. परक्याचं भलं झालेलं सोसतं हो, घरातल्याचं सोसत नाही.

स्टुडिओ मूळचा वडिलांचा. त्यांनी जन्मभर लेन्सची रिंग हाताने फिरवून फोकस केला. मुलाला शिकवताना रिंग जरा पुढे गेली की मनगटावर फटका बसायचा. त्याच्या एकाही फोटोला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही. फार तर "हं" म्हणायचे. मग धंदा हातात आल्यावर मुलाने पहिलं काम काय केलं असेल? आपोआप फोकस करणारा कॅमेरा घेतला आणि बापाच्या जुन्या लेन्स कपाटात कोंबल्या. पुढे वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, हातही थरथरायला लागले. त्यांनी कॅमेरा सोडला आणि ते खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.

बायको दुकानात कॉम्प्युटरवर फोटो साफसूफ करायची. नवा मिररलेस कॅमेरा आला तेव्हा तिनेच कपाटातून त्या लेन्स काढल्या, मधे बसवायचा अडॅप्टर मागवला आणि जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चढवली. कॅमेरा म्हणाला, लेन्सच नाही, फोटो कसला काढू? नवरा पोट धरून हसला. तिने मेनू धुंडाळून लेन्स नसतानाही फोटो काढायची परवानगी कॅमेऱ्याला देऊन टाकली. नवऱ्याचं हसू तिथेच आटोपलं.

आणि मग म्हातारा खुर्चीतून उठला. फोकस जुळतो तिथे स्क्रीनवर कडा लाल चमकतात, बटण दाबलं की माणसाचा डोळा बशीएवढा होतो. "अगं, हे तर मलासुद्धा दिसतंय!" ते ओरडलेच. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ते कशालाच इतके खूश झाले नव्हते. हाताची थरथर कॅमेरा आतल्या आत सावरून घेई. त्यासाठी त्याला फक्त लेन्स किती मिलीमीटरची आहे ते सांगावं लागे. नवी लेन्स स्वतःच सांगते, जुनी मुकी, म्हणून आकडा आपण भरायचा. पन्नासची लेन्स असेल तर पन्नास. भलताच मोठा भरला तर कॅमेरा नको तितकं सावरायला जातो आणि स्थिर फोटोसुद्धा हलवून ठेवतो.

रोज दुपारी सासरा आणि सून खिडकीशी बसू लागले. फटके वगैरे काही नाही. "हळू फिरव. हं, आता थोडी मागे. वा गं पोरी!" आणि एक दिवस मुलाच्या देखत म्हातारा म्हणाला, "या लेन्स आता हिच्या." इतकी वर्षं धूळ खाणाऱ्या त्या लेन्सकडे स्टुडिओवाल्याने ढुंकून पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच्या झाल्या म्हटल्यावर त्या एकदम सोन्याच्या वाटायला लागल्या.

त्यात शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. निवृत्त व्हायच्या आधी त्यांना शाळेच्या वाचनालयात फोटो काढून घ्यायचे होते. "तुम्ही नको हं," त्या हसत म्हणाल्या, "ताईंना पाठवा. त्यांच्या फोटोत मी मीच दिसते."

"पाठवतो की," स्टुडिओवाला हसून म्हणाला. आत अंगाचा तिळपापड झाला होता.

आदल्या संध्याकाळी बायको बॅग भरून ठेवून जरा शेजारी गेली. त्याने कॅमेरा बाहेर काढला, मेनू उघडला आणि पन्नासच्या जागी दोनशे केलं. लेन्सला ओरखडा नाही, काही मोडलं नाही, फोडलं नाही. वाचनालयात उजेड कमी, फोटो हलणारच. कुणाला कारण कळणार होतं? कॅमेरा पुन्हा होता तसा ठेवून तो पेपर वाचत बसला. मांजर डोळे मिटून दूध पितं असं काही उगाच म्हणत नाहीत.

सकाळी आभाळ भरलेलं होतं, घरात अंधारून आलं होतं. बायको चपला घालत होती, तेवढ्यात वडिलांनी हाक मारली. "जरा थांब गं. कॅमेरा दे." मग मुलाकडे वळून म्हणाले, "तू इकडे ये. बस."

"मी?"

"सगळ्या जगाचे फोटो काढतोस. घरात तुझा एक धड फोटो नाही. बस म्हणतो ना!"

तो बसला. बाप दोन्ही हातांत कॅमेरा धरून, सावकाश रिंग फिरवत, फक्त त्याच्याकडे बघत होता. असं कधी झालेलं त्याला आठवत नव्हतं. त्याला इतकं बरं वाटलं की काल आपण काय करून ठेवलंय ते पहिल्या क्लिकनंतरच ध्यानात आलं.

"हलला," वडील म्हणाले. "नीट बस."

दुसराही हलला. तिसऱ्या वेळी त्यांनी कोपर खुर्चीच्या हातावर रोवलं, श्वास रोखला. तरी तेच.

"लेन्स सैल बसली असेल, बाबा," बायको म्हणाली.

"लेन्सला नावं ठेवू नकोस. चित्र डोळ्यांपुढे नुसतं नाचतंय. माझा हातच गेला आता." त्यांनी लेन्सवर झाकण बसवलं. "घेऊन जा. पुन्हा माझ्या हातात देऊ नकोस." आणि ते आपल्या हाताकडे बघत बसले.

आकडा मागाहून गुपचूप बदलता आला असता. पण म्हाताऱ्याने पुन्हा कॅमेरा हातातच घेतला नाही, तर त्याला आपला हात शाबूत असल्याचं कळणार कसं? स्टुडिओवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, हात नाही गेला," तो म्हणाला. "लेन्सचा आकडा मी बदललाय. काल."

"कशाला?"

"हिचे फोटो बिघडावेत म्हणून."

बायको दारात तशीच उभी राहिली. वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं. "बायकोवर जळलास?"

"हो." आणि मग ते सगळंच बाहेर आलं. "तिला किती गोड बोलून शिकवता. मला मारायचात."

वडिलांनी लेन्सवरचं झाकण पुन्हा काढलं. "तेव्हा मलाच कुठे येत होतं शिकवायला," ते म्हणाले. मग सुनेकडे कॅमेरा सरकवला. "आकडा नीट कर गं. आणि तू मान वर कर, खाली काय बघतोस?"

पुढचा फोटो स्वच्छ आला. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा असा. म्हातारा कॅमेरा डोळ्यांपाशी नेऊन पुन्हा पुन्हा बघत होता आणि स्वतःच्याच हाताला शाबासकी देत होता. स्टुडिओवाला दारापर्यंत बायकोच्या मागे गेला.

"चुकलं माझं."

"उशीर होतोय मला," ती म्हणाली आणि जिना उतरली.

मुख्याध्यापिकांचे फोटो छान आले. वडील आता रोज कॅमेरा मागतात, कधी मुलालाही शेजारी बसवून रिंग फिरवायला लावतात आणि "वा" म्हणायचा नेटाने प्रयत्न करतात. बायको नवऱ्याशी पूर्वीसारखी बोलते, हसते, त्याच्या ताटात वाढते. फक्त कॅमेरा हातात घेतला की सगळ्यात आधी मेनू उघडून आकडा बघते. त्याच्या देखत बघते. आकडा कधी बदललेला नसतो. तरी बघते.