वाचा, मंग दाबा

कीबोर्डवरचं कुठलंही महत्त्वाचं बटण दाबण्याआधी भाऊ त्यावर हलकीशी फुंकर मारायचे. धूळ असो की नसो. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा काही मंत्रबिंत्र म्हणतो. मंत्र नव्हता. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून उभी हयात त्यांनी शाईनं कालवे, सांडवे आणि तलावांच्या मातीच्या पाळी काढण्यात घालवली. ओढलेल्या रेघेवर फुंकर मारल्याशिवाय हात पुढं न्यायचा नाही, ही त्या काळची शिस्त. शाई गेली, नकाशे संगणकावर निघू लागले, फुंकर तेवढी राहिली.

फुंकर मारून झाली की म्हणायचे, "वाचा, मंग दाबा."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. एखादं वाक्य त्यांना चिकटतं आणि मग ते त्यांचंच होऊन जातं. पण हे वाक्य भाऊंना कसं चिकटलं, ते मी जवळून पाहिलं आहे.

मी त्यांच्याच ऑफिसात लिपिक. भंडाऱ्याजवळ शहापूरला आमची घरं शेजारी-शेजारी, मध्ये एक कंपाउंडची भिंत. भंडाऱ्याला आम्ही माझ्या स्कूटरवर जायचो. भाऊ उंच, वाळके, वर्षानुवर्षं टेबलावर वाकून एका खांद्यात थोडे तिरके झालेले. बोलणं कमी. मुलाचा विषय निघाला की मात्र चेहरा उघडायचा. मुलानं बी. कॉम. करून भंडाऱ्यात कर सल्लागाराचं दुकान टाकलं, तेव्हा दुकानाची पाटी भाऊंनी स्वतः रंगवली. अक्षरं अशी, की रस्त्यानं जाणारा माणूस काम नसताना थांबून वाचायचा.

आमचं अख्खं ऑफिस त्याच्याकडे रिटर्न भरायला जाऊ लागलं. भाऊंचा पोरगा, घरचाच माणूस. फॉर्म सोळा द्यायचा, पासवर्ड सांगायचा, चहा प्यायचा आणि यायचं. थोड्या दिवसांनी खात्यात रिफंड. कधी नव्हे एवढा. ऑफिसात पेढे वाटले जायचे. "भाऊ, पोरगं लय हुशार निघालं बा!" असं कोणी म्हटलं की भाऊ नकाशात डोकं घालायचे, पण कान लाल व्हायचे. त्या मुलानं काय भरलं, ते आम्ही कोणीच वाचलं नव्हतं.

मग एक दिवस सगळ्यांच्या मोबाइलवर आयकर खात्याचा मेसेज आला. तुम्ही दाखवलेल्या वजावटी पुन्हा तपासून पाहा, असा. बाकीच्यांनी तो पुसून टाकला. भाऊ जेवणाच्या सुटीत माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "माझं रिटर्न काढून दे बरं."

मी छापून दिलं. खिडकीशी उभं राहून, ओळीखाली बोट ठेवून ते वाचत राहिले. डबा तसाच. मग खुर्चीवर बसले आणि मला विचारलं, "माझी बायको अपंग हाय का गा?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. रोवणीचे दिवस होते. वहिनी त्याच सकाळी माहेरच्या बांधीत भाताची रोपं लावायला गेल्या होत्या. चिखलात त्यांच्या बरोबरीनं हात चालवणं जवान पोरींनाही जमत नसे. भाऊंनी कागद माझ्यापुढं सरकवला. त्यावर, स्वतःच्या घरात राहणारे भाऊ घरभाडं भरत होते. नावही न ऐकलेल्या एका पक्षाला त्यांनी देणगी दिली होती. आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली एक तीव्र अपंग व्यक्ती त्यांच्या घरात होती. नातं : पत्नी.

संध्याकाळी मुलगा जेवायला आला. भाऊंनी मलाही बोलावून घेतलं होतं, का ते मला आजही नीट कळलेलं नाही. कदाचित एकट्याला धीर होत नसेल.

"हे काय होय?" त्यांनी कागद ताटाशेजारी ठेवला.

मुलानं नुसतं पाहिलं. "सगळेच करतेत बाबा. रिफंड आला ना तुमाले?"

"तुझ्या मायले लुळी करून?"

"कागदावर हाय ते. कागदावर लिहिल्यानं कोणी लुळं पडते का?"

वहिनी भाकरीचं पीठ भरलेल्या हातानं दारात येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या ना. पोराचं पोट हाय त्याच्यावर."

भाऊंनी कागद तिथून हलवला नाही. मुलगा अर्ध्या ताटावरून उठला.

पुढच्या आठवड्यात भाऊंनी भंडाऱ्यातल्या बंद पडलेल्या एका नेट कॅफेतून जुना संगणक उचलून आणला. समोरच्या खोलीत खिडकीपाशी मांडला आणि आयकर खात्याच्या साइटवरून रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. बसले की दोन-दोन तास उठायचे नाहीत. इंग्रजी अडायचं, वीज जायची, एखादा रकाना चुकला की पडद्यावर तांबडी ओळ यायची. तांबड्या ओळीचा त्यांना राग येत नसे. "आमचे इंजिनिअर साहेब नकाशावर असाच तांबडा गोल मारत," म्हणायचे, "गोल मारला म्हणजे साहेबानं पाहिलं तरी." शेवटी त्यांनी तिन्ही खोट्या नोंदी काढून रिटर्न दुरुस्त केलं आणि दंडासकट कर भरून टाकला. वहिनींनी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं सोडलं. जेवायला वाढायच्या, पण हाक मारायच्या नाहीत.

आणि मग भाऊंनी ते केलं, जे मी त्यांच्या जागी असतो तर केलं नसतं. सगळे जमलेले असताना ते ऑफिसात उभे राहिले. "माझ्या पोरानं माझ्या रिटर्नमध्ये खोटं भरलं. तुमच्यातही भरलं असन. आपापलं उघडून पाहा. वाचा, मंग पुढचं दाबा."

लोक मुलावर चिडतील असं मला वाटलं होतं. लोक चिडले ते भाऊंवर. बापच पोराच्या पोटावर उठला, मिटत होतं ते यानंच उकरलं, आता सगळ्यांना भरावं लागणार, असं बरंच. ज्यांना नंतर नोटिसा आल्या त्यांनी तर आयकरवाल्यांना भाऊंनीच कळवलं म्हणून सांगितलं. दुकानात माणूस जाईना. मुलानं पाटी उतरवली आणि रायपूरला एका तांदळाच्या व्यापाऱ्याकडे नोकरी धरली. भाऊ निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमाला मोजकी माणसं होती. नारळ घेऊन, शाल खांद्यावर तशीच ठेवून, ते माझ्यामागं स्कूटरवर बसले. घर येईपर्यंत त्यांनी ती शाल काढली नाही.

तरी गंमत पाहा. हीच माणसं पुढच्या वर्षीपासून रविवारी दुपारी, एकेकटी, भाऊंच्या फाटकाशी येऊ लागली. भाऊंचा एकच नियम होता. "मी करून देत नाही. बाजूले बसतो. तुमी करा." मीही तिथंच शिकलो. आमच्या ड्रायव्हरनं एकदा विचारलं, "भाऊ, मामाच्या घरून दरवर्षी तांदळाचं पोतं येते. ते उत्पन्नात टाकाचं का?"

भाऊंनी खरंच विचार केला. "मामा पैसे घेते का?"

"नाही."

"मंग खा."

आम्ही हसलो. आतून वहिनी चहा घेऊन आल्या, आमच्यापुढं कप ठेवले, भाऊंचा कप कीबोर्डपासून लांब ठेवला आणि परत गेल्या. एवढंच नातं उरलं होतं, चहा सांडू नये एवढं. मुलाशी त्या मागच्या अंगणात जाऊन फोनवर बोलायच्या. भाऊ त्या वेळी रेडिओ बंद करायचे. ऐकू यावं म्हणून की काय, कोण जाणे.

त्यानंतरच्या एका पावसाळ्यात वहिनी नळावर तांदूळ धुताना कोसळल्या. उजवी बाजू गेली. नागपूरच्या दवाखान्यातून आणलं ते कायमचं खाटेवर. खाट आतल्या दारातून जाईना, म्हणून समोरच्या खोलीत, संगणकाच्या बाजूलाच टाकली. मुलगा आला, आईचे पाय चेपत बसला, सुटी संपल्यावर गेला. बापलेक जे काही बोलले ते डॉक्टरच्या मार्फत. गावात मात्र बोलणं सुरू झालं. मी आणि भाऊ किराणा दुकानात उभे असताना मागून कोणीतरी म्हणालं, "पोरानं लिहिलं होतं, तसंच झालं." भाऊंनी मीठ घेतलं, सुटे पैसे मोजून घेतले आणि चालू लागले. वाटेत मी काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाले, "राहू दे."

पुढच्या वर्षीच्या रिटर्नला त्यांनी मला सोबत बसायला बोलावलं. एरवी माणसं त्यांना बाजूला बसवायची, या वेळी मी त्यांच्या बाजूला. पेन्शन झाली, बँकेचं व्याज झालं, आणि वजावटींच्या यादीत तो प्रश्न आला. अवलंबून असलेली अपंग व्यक्ती आहे का? जिल्हा रुग्णालयाचं प्रमाणपत्र टेबलावर होतं. सगळं रीतसर होतं. भाऊंचा हात माउसवर तसाच राहिला. त्यांनी फुंकरही मारली नाही.

खाटेवरून आवाज आला. जड, ओढत आलेला. "काय झालं?"

कित्येक वर्षांनी वहिनी त्यांच्याशी आपण होऊन बोलल्या होत्या.

"काही नाही."

"अपंगाचं आलं का?"

भाऊंनी मान डोलावली.

"आता खरं हाय ना? मंग लिवा."

भाऊंनी लिहिलं. नातं विचारलं होतं, ते निवडलं. तीव्र की कमी, ते निवडलं. पुढचं पान उघडलं आणि उठून बाहेर नळावर तोंड धुवायला गेले. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. चेहऱ्याच्या डाव्या अर्ध्या भागानं त्या हसल्या असं मला वाटलं. म्हणाल्या, "भाऊजी, आता खोटं कुठं राहिलं? पोराले बलवा म्हणा त्याईले."

मी बाहेर जाऊन तसंच्या तसं सांगितलं. भाऊ ओल्या तोंडानं उभे होते. "तसं खरं नाही होत गा," ते म्हणाले. नळ चालूच होता, तो मी बंद केला.

थंडीत वहिनी गेल्या. मुलगा आला, सगळं त्यानं केलं, नदीवर आणि घरी. तेरवी झाल्यावर निघताना तो बापाच्या पाया पडला. भाऊ म्हणाले, "पोहोचला की फोन कर." फोन आला. "पोहोचलो." भाऊ म्हणाले, "बरं." मी समोर होतो. दोघांनीही फोन लगेच ठेवला नाही.

त्यानंतरचं एकच रिटर्न भाऊंनी भरलं. पत्नीचा रकाना आता रिकामा होता. शेवटी प्रतिज्ञापत्र येतं, तुम्हीही भरलं असेल तर पाहिलं असेल. मी अमुक, अमुक यांचा मुलगा, गांभीर्यानं जाहीर करतो की वरील माहिती खरी आहे. भाऊ तिथं बराच वेळ थांबले. मला वाटलं, त्यांना त्यांचे वडील आठवत असतील.

"तो बी भरत असन ना रिटर्न, रायपूरले?" ते म्हणाले.

"भरतच असेल."

"मंग त्याच्यात माझं नाव येत असन."

एवढं बोलून त्यांनी बटण दाबलं.

या उन्हाळ्यात भाऊ गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. शेजारच्या बाईंनी मला ऑफिसात फोन केला. मुलगा रात्रीपर्यंत पोहोचला. सगळं आटोपल्यावर महिन्याभरानं तो घर रिकामं करायला पुन्हा आला. भांडी कोणाला, खाट कोणाला, असं वाटून टाकत होता. मी मदतीला होतो. संगणकापाशी आल्यावर तो थांबला.

"काका, याच्यावरच भरत होते का?"

"हो."

तो खुर्चीवर बसला. चालू केला नाही, नुसता बसला. त्याच्या कानांजवळचे केस पांढरे झालेले मला तेव्हा दिसले. मग मी त्याला शेवटच्या रिटर्नच्या वेळचं बापाचं ते वाक्य सांगितलं, नावाचं. सांगावं की नाही याचा मी महिनाभर विचार केला होता.

तो पडद्याकडंच पाहत होता. "येते काका," तो म्हणाला. "दरवर्षी येते."

मग उठून त्यानं वायरी सोडवल्या. मी म्हटलं, "याले आता कोणी भंगारातही घेणार नाही बेटा."

"माहीत हाय."

आईचं एक जुनं लुगडं त्यानं पेटीतून काढलं आणि मॉनिटर त्यात गुंडाळला. बाहेर भाड्याची गाडी उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, मागं डिकीत ठेवा. त्यानं ऐकलं नाही. पुढच्या सीटवर बसला, मॉनिटर मांडीवर घेतला आणि दोन्ही हात त्याभोवती ठेवले. गाडी हायवेला लागली. रायपूरकडं जाणाऱ्या ट्रकांच्या रांगेत शिरेपर्यंत मी फाटकाशी उभा होतो.