रंगरावचा हात चुकला नव्हता

सकाळी साडेआठला सुनीताचा फोन आला. सुनीता म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र रंगराव, त्याची धाकटी मुलगी. "काका, आबा गेले… झोपेतच," एवढंच ती म्हणाली. साताऱ्याहून मिळेल ती एसटी धरून इस्लामपूरला उतरलो, तिथून रिक्षा केली. गावात पोचलो तेव्हा सगळी तयारी झाली होती, माझ्यासाठीच थांबले होते. दहाव्याला मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी शाळेतलं सांगितलं, त्याच्या फौजेतल्या नोकरीचं सांगितलं. खाली बसलो तर शेजारचा एक जण हळूच म्हणाला, "मानूस सोन्यासारखा. पर शेवटी शेवटी कामावरचा हात गेला हुता बिचाऱ्याचा." मी मान डोलावली. त्याला आज पाच आठवडे झाले. ती मान मी कशी डोलावली, हे मला अजून कळत नाही, कारण रंगरावचा हात गेला नव्हता हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

रंगराव फौजेत गाड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. हवालदार होऊन परतला आणि गावातल्या विहिरींवरच्या मोटारी त्याच्याकडे येऊ लागल्या. मी साताऱ्यात इंग्रजीचा मास्तर. निवृत्त झालो तेव्हा मुलानं वेळ जावा म्हणून एक खोका पाठवला. आत मोटारगाडीच्या इंजिनाचे तीनशेच्या वर सुटे भाग होते, सगळे बोटभर नाहीतर नखाएवढे. ते जोडायचे, खाली विजेची छोटी मोटर बसवायची, बटण दाबलं की पारदर्शक कवचातून पिस्टन वरखाली होताना दिसतात, ठिणगीच्या जागी बारके दिवे लागतात. मी आठ दिवस झटलो आणि माझा एक पिस्टनही जागेवर बसला नाही. मग खोका उचलला आणि रंगरावकडे गेलो. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, एक भाग चिमटीत धरून उजेडाला लावला आणि म्हणाला, "मास्तर, ह्यो तर आपला सायबच हाय, नुसता लहान झालाय." फौजेतल्या गाडीच्या इंजिनाला तो सायब म्हणायचा.

तेव्हापासून नऊ-दहा वर्षं आमचं हेच चाललं. मुलगा नवे खोके पाठवत राहिला आणि दर खोक्यात इंग्रजी माहितीपुस्तिका असे. मी ती वाचून मराठीत सांगायचो, तो जोडायचा. त्याच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी मी मोठ्यानं वाचतोय आणि तो मध्येच, "थांब की रं, रेडिओवरच्या बातम्या हाईत का?" म्हणतोय… निवृत्तीनंतरचे माझे सगळ्यात भरलेले दिवस ते. त्याचा एकच नियम होता. आधी इंजिनाला हातानं दोन फेरे, मग करंट; काही अडत असलं तर मोडण्याआधी हाताला कळतं. घाईनं बटणाकडे हात नेला की तो माझं मनगटच धरायचा.

तीन वर्षांपूर्वी त्यानं चार सिलिंडरचं एक मोठं इंजिन पुरं केलं. त्याच्या गावात माजी सैनिकांचा मेळावा होता, तिथं ते चालवून दाखवायचं ठरलं. मी हौसेनं ते पंधरा दिवस आधी साताऱ्याला नेलं. एका संध्याकाळी माझे जुने सहकारी चहाला आले. इंजिन फिरताना पाहून खूश झाले. एकानं विचारलं, "कुणी केलं हो?" मी म्हणालो, "मीच. दुसरं कोण?" दुसरा हसला. "मास्तर, तुम्हाला घरातला फ्यूज घालता येत नाही." मला ते लागलं. मी पुढचं झाकण उघडलं. आत दोन दातेरी चाकं असतात, एक पिस्टनचं आणि एक झडपांचं. दोन्हींवर एकेक ठिपका असतो आणि ते ठिपके समोरासमोर आणून चाकं बसवायची असतात. पुस्तिकेतलं हे वाक्य मीच रंगरावला वाचून दाखवलं होतं. मी एक चाक काढलं, सगळ्यांना दाखवलं, परत बसवलं, झाकण लावलं. बोलण्याच्या भरात ते एका दातानं पुढे बसलं. सगळे वा वा म्हणाले आणि मी बटण दाबून पाहिलंही नाही.

मेळाव्याच्या दिवशी मी इंजिन घेऊन पोचलो तेव्हा कार्यक्रम सुरू झाला होता. रंगराव सवयीनं हाताचे फेरे द्यायला वाकला. मी म्हणालो, "अरे चालतंय ते. मी कालच फिरवून बघितलंय." खोटं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि माझ्यावर विसंबून बटण दाबलं. कट्कन आवाज झाला. झडप पिस्टनवर आदळली, तिची दांडी मोडली, मोटर जागेवरच घुमत राहिली आणि जळका वास आला. समोर त्याच्या पलटणीतले लोक. एक जण ओरडला, "काय रं रंग्या, रनगाडं बी असंच दुरुस्त करीत हुतास व्हय? तरीच लढाई लांबली गड्या!" मंडप हसला. रंगरावही हसला. मग स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत राहिला.

इंजिन मी घरी आणून उघडलं आणि सगळं समजलं. पुढच्या भेटीत त्याला म्हणालो, "एक दात चुकला होता." कुणाच्या हातून, ते म्हणालो नाही. तो म्हणाला, "माझाच. हात ऱ्हायला न्हाई आता, मास्तर." त्याच वेळी बोलायला हवं होतं. मी चहाचा कप तोंडाला लावला. पुढचे खोके त्यानं उघडू दिले नाहीत. गावातल्या मोटारी परत पाठवू लागला. मी जात राहिलो, आम्ही उसावर, पाण्यावर बोलत राहिलो. दर वेळी ठरवून जायचो आणि तसाच परत यायचो. शिकवलेल्या पोरांपुढे, सहकाऱ्यांपुढे, त्याच्यापुढे खोटा ठरण्याची भीती… सत्तरी उलटलेल्या माणसाची.

हा लेख मी छापायला देण्याआधी गावी गेलो आणि त्याच्या बायकोला, शालनवहिनींना, वाचून दाखवला. त्या पदर डोक्यावर घेऊन ऐकत होत्या.  संपल्यावर उठून मोरीजवळच्या फळीवरून त्याचा दाढीचा ब्रश घेऊन आल्या. केस वाळून काडीसारखे झालेले.

"त्या मेळाव्यापासनं घरात दाढी केली न्हाई त्येनी. न्हाव्याकडं जायचं. वस्तऱ्याला हात हलतोय म्हनायचं. मी म्हनायची, आवं, कुठं हलतोय? तर म्हनायचं, तुला काय कळतंय, चार मान्सांनी बघितलंय."

मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही नको म्हणालात तर नाही छापणार."

त्यांनी ब्रश माझ्या हातातल्या कागदांवर ठेवला.

"छापा भावजी. चार मान्सांनी बघितलं, तसं चार मान्सांनी वाचू द्या."