आठ गिगाहर्ट्झच्या पुढे

रत्नागिरीच्या कॉलेजात शिकवता शिकवता मी एम.ई. करत होते. विषय मीच हट्टाने घेतलेला, अल्ट्रा-वाइडबँड रिसीव्हरचा मिक्सर. हवेतून आलेला अतिवेगवान सिग्नल हाताळता येईल अशा फ्रिक्वेन्सीला खाली आणायचा, हे मिक्सरचं काम. साध्या रेडिओत ते अरुंद पट्ट्यापुरतं असतं. मला तीनपासून दहा गिगाहर्ट्झपर्यंत सगळीकडे सारखं हवं होतं.

कॉम्प्युटरवर जमलं. मग सर्किट बोर्ड बनवून घेतले, एकावर हाताने डायोड जोडले आणि तो मोजायला मुंबईच्या लॅबमध्ये नेला. आठच्या पुढे सिग्नलचा आलेख धाडकन कोसळला.

"सातपर्यंतच दाखव. डिग्री मिळेल," गाईड सर म्हणाले.

"मग सर, त्याला वाइडबँड कशाला म्हणायचं?"

त्यांनी आलेखाचा कागद माझ्याकडे सरकवला. "दोन महिने देतो."

रत्नागिरीच्या फाट्यावर, हातखंब्याला उतरेपर्यंत गाडीत मी गणितं तपासली. चूक सापडेना.

अब्बा मिरकरवाड्याच्या बंदरात मासेमारी ट्रॉलरवरचे वायरलेस सेट दुरुस्त करायचे. शिक्षण सातवी. त्यांनी बोर्ड भिंगाखाली धरला आणि डायोडपासून अर्थिंगला गेलेल्या तांब्याच्या पट्टीवर नख टेकवलं.

"अर्थ एवढी लांब कशाला न्हेलीस गो?"

"अब्बा, चार मिलिमीटर आहे ती!"

"असूं दे. माझ्या सेटात चार इंचांनी घोळ होतो. तुझा तर कितीतरी वेगवान म्हणतेस."

अर्थ थेट डायोडखालीच आहे, असं मी कॉम्प्युटरला सांगून ठेवलं होतं. ती पट्टी हिशेबात धरलीच नव्हती, आणि एवढ्या वेगाचा सिग्नल अडवायला चार मिलिमीटरही पुरतात.

नवे बोर्ड मागवायला वेळ नव्हता. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये डायोडला अगदी खेटून बारीक भोकं पाडली आणि तांब्याची तार आरपार नेऊन मागच्या पत्र्याला, म्हणजे थेट अर्थला, सोल्डरचा डाग दिला. पहिल्या बोर्डाचं तांबं उखडलं. दुसऱ्यावरचा डायोड तापून गेला. तिसरा रविवारी सकाळी अब्बांच्या टेबलावर घेतला. त्यांचे हात आता कापायचे, म्हणून त्यांनी बोर्ड चिमट्याने दाबून धरला; सोल्डरिंग मी करायचं.

"श्वास सोड, मग टेकव."

लॅबमध्ये आलेख आठ ओलांडून गेला, नऊही ओलांडलं. दहाजवळ किंचित झुकला, पण पडला नाही.

"हे का झुकतंय?" सरांनी विचारलं.

"अजून कळलं नाही, सर. पण प्रबंधात लपवणार नाही."

त्यांनी आलेखावर मंजुरीची सही केली. मी खालच्या बूथवरून घरी फोन लावला. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवलीस काय?"