बारापैकी बारा

नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि मी लहुराबीर भागातल्या एका दोन खोल्यांच्या कंपनीत कॉम्प्युटरवर नोकरी करत होतो. नोकरी हा आईचा शब्द. मालकांच्या हिशेबी मी सहा महिने ‘देखते हैं’वर होतो. आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत मराठी यात्रेकरूंची एक धर्मशाळा होती. तिच्या खोल्या इंटरनेटवरून धरता याव्यात म्हणून आम्ही एक पान बनवलं होतं. धर्मशाळेच्या व्यवस्थापकांनी ते मंजूर केलं की तुला पक्का करतो, असं मालक म्हणाले. मी आईला ‘जवळजवळ पक्का’ असं सांगितलं. तिनं त्यातलं जवळजवळ गाळलं आणि ब्रह्माघाटापर्यंत पेढे वाटून आली. आता पान नापास झालं तर मला गल्लीतून तोंड झाकून जावं लागलं असतं.

पान तपासायचं काम माझ्याकडे होतं. खोल्या बारा. प्रत्येकीपुढचं बटण दाबायचं, यात्रेकरूचं नाव भरायचं, खोली धरली गेली का ते बघायचं. मालकांनी पानात काही बदललं की हे सगळं पहिल्यापासून. मी जन्माचा आळशी, म्हणून हे काम माझ्याऐवजी करील असा एक प्रोग्रॅम लिहिला. तो स्वतःच ब्राउझर उघडायचा, बटणं दाबायचा आणि शेवटी निकाल लिहायचा.

त्यात मी एक हुशारी केली. पान उघडल्याउघडल्या प्रोग्रॅमनं सगळी बटणं पकडून ठेवायची आणि मग एकेक दाबत सुटायचं. पहिली खोली झकास धरली गेली. दुसऱ्या बटणाला तो अडून बसला. म्हणे, ही वस्तू आता अस्तित्वात नाही. वस्तू तर माझ्या नाकासमोर पडद्यावर होती. मी माऊसनं दाबून बघितलं, मुकाट दाबली गेली. मला वाटलं, घाई होतेय. त्याला दोन सेकंद थांबायला लावलं, मग दहा, मग तीस. तीस सेकंद थांबून तो पुन्हा तेच म्हणायचा, आणि नेमकी मला काही सुचत आलं की लाइट जायची.

व्यवस्थापक यायचे होते त्या सकाळी मला एक ओळ आठवली. चूक आली तर तिकडे न बघता पुढे जा, असं प्रोग्रॅमला सांगणारी ओळ. ती वरती टाकली. प्रोग्रॅम बारा खोल्यांवरून सुसाट गेला आणि खाली लिहून मोकळा झाला: बारापैकी बारा पास. हे खोटं आहे हे मला कळत नव्हतं असं नाही. पण दोन-चार बटणं मी हातानं दाबून बघितलीच होती, तेव्हा तात्पर्य खरं आहे, अशी मी माझी समजूत घातली.

व्यवस्थापक म्हणजे सत्तरीतले, धोतर-सदऱ्यातले काका. मला लहानपणापासून ओळखायचे, हीच अडचण होती. खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी निकाल वाचला.

“सगळ्या खोल्या भरल्या?”

“बाराच्या बारा, काका.”

“मग भरलेल्यांची यादी दाखव बरं.”

ती यादी मीही उघडली नव्हती. उघडली. तिच्यात एकच ओळ होती: खोली एक, यात्री एक.

काकांनी चष्मा वर केला. “बाकीचे अकरा परस्पर मणिकर्णिकेच्या चितेवर गेले वाटतं.”

“का गुरु, ई का है?” असं म्हणून मालकांनी फोन करायच्या निमित्तानं बाहेरची खोली गाठली.

मग मी सगळं कबूल केलं, त्या ओळीसकट. आणि काकांना समजावता समजावता मलाच समजत गेलं. एक खोली धरली की पान नव्यानं काढलं जातं. दिसायला सगळं तसंच, पण बटणं नवी. मी आधी पकडून ठेवलेली बाकीची केव्हाच गेलेली.

“म्हणजे तुझं दत्तजयंतीचंच प्रकरण,” काका म्हणाले.

ते प्रकरण असं. धर्मशाळेतल्या पंगतीत माझ्याकडे तूप दिलं होतं. तिसऱ्या पानाला तूप नको, पाचव्याला दुप्पट, हे मी पहिल्या पंगतीत पाठ केलं. दुसरी पंगत बसली, पानं त्याच जागी मांडलेली, आणि मी माणसांकडे न बघता पाठांतराप्रमाणे वाढत गेलो. तिसऱ्या पानावर तुपावर जीव असलेले एक गुरुजी बसले होते, ते भातावर वरण घेऊन वाट बघत राहिले. पाचव्या पानावरच्यांना डॉक्टरांनी तूप बंद केलं होतं. ते अजून मला बघितलं की द्रोणावर हात ठेवतात.

“दर पानाशी थांबून बघावं, कोण बसलंय,” काका म्हणाले. “तिथंही सांगितलं होतं. मी उद्या येतो. तोवर पेढे परत मागू नकोस.”

मी ती ओळ काढून टाकली. प्रोग्रॅमला सांगितलं की पकडून काही ठेवायचं नाही. दर खोलीच्या वेळी, पान नवं झाल्यावर, त्या नंबरचं बटण ताजं शोधायचं आणि मगच दाबायचं. दुसऱ्या दिवशी काकांसमोर तो चालू केला. एक ते सहा व्यवस्थित. सातव्या खोलीला नापास. मग आठ ते बारा पुन्हा व्यवस्थित. मालकांनी कपाळाला हात लावला.

“काका,” मी म्हटलं, “सातवीचं बटणच सापडत नाहीये.”

“सापडेल कसं? ती खोली आम्ही देतच नाही. तिच्यात लोणच्याच्या बरण्या आहेत. तुझ्या मालकांना पहिल्याच दिवशी सांगितलंय, तिथं बटण नको म्हणून.”

मालकांना तेव्हा ते आठवलं.

“काल तुझ्या यंत्रानं तीही देऊन टाकली होती,” काका मला म्हणाले. “बरण्यांसकट.” त्यांनी पेन मागितलं, निकालाच्या कागदावर ‘अकरा बरोबर, सातवी नाही तेही बरोबर’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

मालकांनी माझ्या नेमणुकीचा कागद त्याच संध्याकाळी टाइप करून दिला. घरी मी तो आईला वाचून दाखवला. तिनं तो माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि स्वतः पहिल्या ओळीपासून वाचला. मग म्हणाली, “सगळं ठीक आहे रे, पण तारीख महिनाभर मागची, पेढ्यांच्या आधीची, नाही का घालता येणार?”