कच्चा आवाज

रोज सकाळी, घरात कुणाशीही एक शब्द बोलायच्या आधी, मावशी दातांत पेन्सिल आडवी धरायची आणि वर्तमानपत्रातली एखादी निविदा मोठ्याने वाचायची. सिमेंटचे पाइप, जुन्या वाहनांचा लिलाव, समोर येईल ते. पेन्सिलीमुळे शब्द तोंडातच अडखळायचे. मग ती पेन्सिल काढून पुसायची आणि तीच निविदा पुन्हा वाचायची. आता प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ यायचं.

"मग, पाइप घ्यायचे ठरले का?" काका दाढी करता करता आतून विचारायचे.

मावशी उत्तर द्यायची नाही. वाचन संपेपर्यंत ती कुणाची कुणी नसायची.

एकोणीस वर्षं ती एका मोठ्या रुग्णालयाच्या चौकशीच्या खिडकीत बसली. घरात आम्ही तिला 'चौकशी'च म्हणायचो. "एक्स-रे डावीकडे, शेवटून दुसरी खोली. घाबरू नका, सावकाश जा." दिवसातून शंभरदा हेच, आणि शंभराव्या माणसालाही ते त्याच्यासाठीच सांगितल्यासारखं वाटायचं. तिथे एकदा डबिंग स्टुडिओतला एक ध्वनिमुद्रक वडिलांना घेऊन आला. त्याच्या धंद्यात सगळे त्याला कानसाहेब म्हणत. तीन दिवस तो तिच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसून होता. चौथ्या दिवशी जाताना म्हणाला, "बाई, तुमचा आवाज इथे वाया चाललाय."

लोक असं बोलतात आणि विसरून जातात. मावशी विसरली नाही. तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती.

त्याचा स्टुडिओ एका इमारतीच्या तळघरात होता; खिडकी बंद झाली की ती संध्याकाळी तिथे जायला लागली. भिंतींना करडा स्पंज, मध्ये काच, काचेपलीकडे कानसाहेब. अलीकडे एक माइक, कागद ठेवायचा स्टँड, आणि कानावरच्या गाद्या झिजलेले हेडफोन. पहिले सहा महिने तिला फक्त गर्दीचं काम मिळालं. सहा-सात जणांनी एका माइकभोवती फिरत पुटपुटायचं, की पडद्यावर बाजार उभा राहतो. घरी मालिका लागली की ती आम्हाला गप्प करायची.

"ते 'अगं बाई' ऐकलंत? ते मी."

"कुठलं? मला चार ऐकू आली," काका म्हणायचे.

"तिसरं."

"तिसरं छान होतं हं," काका म्हणायचे, आणि तिला ते खरं वाटायचं.

गर्दीतून ती कच्च्या आवाजापर्यंत पोचली. परभाषेतली मालिका आपल्या भाषेत आणताना मुख्य भूमिकेला नावाजलेली नटी घेतात. तिला वेळ थोडा. म्हणून आधी कुणीतरी साधा कलाकार तिची सगळी वाक्यं ओठांच्या हालचालींवर बसवून बोलून ठेवतो. मग नटी येते, हेडफोनमध्ये तो कच्चा आवाज ऐकत ऐकत आपला पक्का आवाज देते, आणि कच्चा आवाज पुसून टाकतात. शिंपी कापड कापण्याआधी जो कागद कापतो, तसं काम.

पहिल्याच दिवशी मावशीने कागद उलटला आणि काचेपलीकडून कानसाहेब ओरडला, "बाई, भाजी निवडताय का तिथे? माइकला सगळं ऐकू येतं!" तिने कानाला खडा लावला. त्या दिवसापासून पान संपलं की ती थांबायची, कागदाचा कोपरा दोन बोटांनी उचलायची, श्वास घ्यायची आणि मगच पुढचं वाक्य बोलायची. घरी मी समोर बसून इतर पात्रांची वाक्यं वाचायचे आणि ती पान उलटायचा सराव करायची. इतकं हळू, की पान उलटलं हे मला फक्त दिसायचं.

तीन वर्षांनी तिला एका म्हातारीची भूमिका आली. कच्चीच. पण नटीच्या तारखा जुळत नव्हत्या. दिग्दर्शकाने दोन भाग ऐकले आणि म्हणाला, "बाई, तारखा नाहीच जमल्या तर तुमचाच आवाज ठेवू. बघू."

या भूमिकेसाठी रुग्णालयातून तिने सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली होती. ती त्याच आठवड्यात संपत होती. तिथून निरोप आला, या तरी किंवा लिहून तरी द्या.

"तो 'ठेवू' म्हणाला की 'बघू' म्हणाला?" काकांनी विचारलं.

"दोन्ही."

"शेवटी काय म्हणाला?"

"बघू. पण त्या 'बघू'चा सूर वेगळा होता. एकोणीस वर्षं माणसांचे आवाज ऐकलेत मी. दारातून येणाऱ्याच्या 'अहो'वरून सांगायचे, की याचं माणूस वाचलंय की नाही."

दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा लिहून दिला. खिडकीत एक नवी मुलगी बसली.

मालिका सुरू व्हायची होती त्या संध्याकाळी मावशीने सगळ्यांना बोलावलं. माझी आई, मी, शेजारच्या काकू. तिने साडीही ठेवणीतली नेसली होती, जणू टीव्हीतून ती आम्हाला दिसणार होती. म्हातारी पडद्यावर आली, तिने तोंड उघडलं, आणि आवाज दुसराच होता. भरदार, ओळखीचा, सगळ्यांचा लाडका.

नटीच्या तारखा जमल्या होत्या तर. काकांनी उठून टीव्हीच्या मागची वायर हलवली. "आवाज बिघडलाय वाटतं."

"बसा हो," मावशी म्हणाली. "आवाज चांगला आहे. माझा नाही एवढंच."

ती शेवटपर्यंत बसली. त्या भागाच्या शेवटच्या प्रसंगात म्हातारीचा मुलगा अनेक वर्षांनी दारात येतो. ती पाठमोरी आहे, तिचे ओठ दिसत नाहीत. ती म्हणते, "आलास." मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. आणि मग, "जेवण गार झालं रे." त्या शांततेत मी मावशीकडे पाहिलं. तिचा उजवा हात मांडीवरून जरासा वर आला होता आणि दोन बोटं कशाचा तरी कोपरा धरल्यासारखी जुळली होती. 'गार झालं' आल्यावर हात परत खाली गेला.

आठवड्याभराने वर्तमानपत्रात त्या मालिकेवर लेख आला. मी तो तिला वाचून दाखवला. लिहिलं होतं, 'आलास' नंतरच्या त्या शांततेत एका आईची वीस वर्षं मावतात. असं थांबायला फार मोठी कलावंत लागते.

"परत वाच," मावशी म्हणाली.

मी परत वाचलं. ती हसायला लागली. इतकी हसली, की तिला खोकला आला.

"अगं, तिथे पान संपलं होतं. पहिल्या पानावर शेवटचा शब्द 'आलास'. मी पान उलटत होते."

"मग त्यांनी ती जागा काढली का नाही?"

"पाठमोरी होती ना ती. ओठांशी जुळवायचं नव्हतं, कुणी बघितलंच नाही. आणि नटीला वाटलं, असंच करायचं असतं."

हसू ओसरल्यावर तिने तो लेख माझ्या हातातून घेतला आणि घडी करून पेन्सिलीच्या डब्यात ठेवला. "बोललेलं सगळं पुसलं बघ," ती म्हणाली. "गप्प बसले तेवढं ठेवलं."



दिग्दर्शकाचा फोन आला. म्हणाला, तुमच्यामुळे काम फार सोपं गेलं. पुन्हा कच्च्या आवाजाचंच काम देऊ केलं. तिने पुढची दोन वर्षं ते केलं, कारण खिडकी आता तिची नव्हती. पण त्यात ती मुद्दाम सपाट बोलायची. "उसनं न्यायला काही ठेवायचं नाही," म्हणायची. कानसाहेबाच्या ते लक्षात आलं. बोलावणी कमी झाली आणि मग थांबली. एका सकाळी निविदा वाचल्याचा आवाज आला नाही. काका दाढी अर्धी टाकून बाहेर आले. मावशी वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसली होती. पेन्सिल डब्यातच होती.

त्यानंतर ती कमीच बोलायची. फोन वाजला तर काकांना खुणेने सांगायची. मी सुट्टीत गेले की समोर बसून माझे हात हातात घ्यायची, बस. छातीचं दुखणं तिने किती दिवस अंगावर काढलं, ते आम्हाला नंतर डॉक्टरांकडून कळलं.

तिला तिच्याच जुन्या रुग्णालयात ठेवलं होतं. खालून चौकशीच्या खिडकीतला आवाज वर यायचा. ती डोळे मिटून ऐकायची. एकदा म्हणाली, "शेवटचं अक्षर खाते ही मुलगी." मी म्हटलं, जाऊन सांगू का? तिने मान हलवली, नको.

दुपारी मी उशाशी बसून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. बातम्या तिला नको असायच्या. त्या दिवशी मी निविदांचं पान काढलं. पाण्याची टाकी, शाळेची बाकं. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. खोलीत दोन खाटा होत्या. पलीकडची बाई नुकतीच कुठे झोपली होती. बाकांची निविदा पानाच्या तळाशी संपली आणि मी पुढचं पान घ्यायला हात उचलला.

मावशीने डोळे न उघडता म्हटलं, "हळू उलट गं."