उद्याचा आकडा

"माझा नवरा झोपा काढून घर चालवतो," असं लिबोरिओची बायको शेजारणींना सांगायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. समुद्रकाठच्या बोका चिका गावात, मैदानावर जाळीमागे त्याची पांढरी प्लास्टिकची खुर्ची होती. अमेरिकेतल्या एका क्लबची ही बेसबॉलची अकादमी. सोळा-सतरा वर्षांची पोरं करार करून इथे यायची आणि लिबोरिओ त्यांची पारख करून वर कळवायचा. प्रत्येक पोरासमोर दोन आकडे लिहायचे, वीस ते ऐंशीच्या मधले. पहिला आजचा. तो डोळे उघडे असलेला कुणीही लिहील. दुसरा उद्याचा, म्हणजे हाच पोरगा पंचवीस वर्षांचा झाल्यावर काय होईल त्याचा. त्यासाठी डोळे मिटावे लागतात, असं लिबोरिओचं ठाम मत होतं.

दुपारी समुद्रावरून वारा सुटला की तो टोपी नाकावर ओढायचा. मग मिटल्या डोळ्यांपुढे पोरं मोठी होऊ लागायची. खांदे रुंदावायचे, दाढी यायची. कुणी परक्या शहरातल्या दिव्यांच्या लखलखाटात उभा राहायचा, तर कुणी धुरकट होत होत विरून जायचा. जो विरला त्याचा आकडा चाळीसच्या खाली, आणि चाळीसच्या खालचा पोरगा सोमवारी पिशवी उचलून घरी.

इतक्या वर्षांत आपण एकदाच चुकलो, असं त्याला वाटे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी निकानोर नावाचा एक मुलगा होता. तो बॅट फिरवायला उभा राहिला की स्वयंपाकघरातल्या बायाही हात पुसत बाहेर यायच्या. लिबोरिओने त्याला पस्तीस दिले आणि पोरगा घरी गेला. का दिले, ते आता आठवत नव्हतं. ती बॅट मात्र डोळ्यांपुढून हलत नव्हती.

या शनिवारी पाळी होती विल्द्री दे ला क्रूसची. पोरगा गुणी, पळायला चपळ, पण दोन वर्षं झाली तरी वळणारा चेंडू आला की बॅट हवेत. आजचा आकडा तीस, त्यात वाद नव्हता. उद्याचा चाळीसपर्यंत गेला नाही तर परवा पिशवी. लिबोरिओने टोपी ओढली आणि पाहतो तो काय! विल्द्री पंचवीस वर्षांचा, दिव्यांखाली उभा, आणि त्याची बॅट अशी गोल, लांब, आळसावल्यासारखी फिरली की चेंडू थेट समुद्रावर तरंगत गेला. जाग आली तेव्हा लिबोरिओचे गाल ओले होते. त्याने साठ लिहिले. लिहिले ते पेन्सिलीने, कारण पोराच्या घरचं जेवल्याशिवाय शाई लावायची नाही हा त्याचा नेम.

रविवारी, पोरगा सुट्टीला घरी आलेला असताना, तो उसातल्या त्याच्या वस्तीवर पोचला. दारात बाप उभा होता. पोट सुटलेलं, केस पांढरे होऊ लागलेले, तरी लिबोरिओने ओळखलं. आडनावावरून कळायला हवं होतं. पण या भागात दगड भिरकावला तर तो कुठल्या ना कुठल्या दे ला क्रूसलाच लागतो.

"या, या डॉन लिबो," निकानोर अदबीचं 'डॉन' लावत म्हणाला. "सव्वीस वर्षांनी पाय लागले! घाबरू नका, सांकोचोच्या रश्श्यात विष नाही घातलेलं."

"घातलं असतंस तरी खाल्लं असतं रे मी."

दोन वाडगे रिचवून सगळे गल्लीत आले. तिथे वितियाचा डाव रंगला होता. झाडूचा दांडा ही बॅट आणि पाण्याच्या जारचं झाकण हा चेंडू. ते झाकण हातातून सुटलं की कुठे वळेल ते त्याचं त्यालाच ठाऊक नसतं.

"बघता का, फटका अजून तोच आहे," म्हणत निकानोरने दांडा उचलला. विल्द्रीने झाकण फेकलं. दांडा फिरला. गोल, लांब, आळसावल्यासारखा. हुबेहूब कालचं स्वप्न! झाकण त्याखालून निघून गेलं. दुसरं वरून गेलं. तिसऱ्याला एक शेजारीण ओरडली, "काय रे म्हाताऱ्या, माशा हाकलतोस?"

गल्ली हसली. लिबोरिओला हसू आलं नाही. पस्तीस का दिले ते त्याला आत्ता आठवलं. इतकी देखणी बॅट, आणि ती कशालाच लागत नव्हती. सव्वीस वर्षं तो उगाच झुरला होता, आणि काल पोराच्या नावावर बापाचं स्वप्न पाहून बसला होता. पेन्सिलीतले साठ त्याला खिशात जड वाटू लागले.

आता दांडा विल्द्रीकडे आला. तो कोपरं पोटाशी घेऊन बसका उभा राहिला, केळी सोलायला बसल्यासारखा कुरूप, आणि आखूड फटका मारला. टक. झाकण छपरावर. पुन्हा टक. एकामागून एक अकरा झाकणं छपरांवर गेली.

"हे तुला कुणी शिकवलं?" लिबोरिओने विचारलं.

"हे होय? हे गल्लीतलं आहे, डॉन लिबो," विल्द्री ओशाळला. "मैदानावर मी पप्पांसारखं मारतो. नीट."

रोज संध्याकाळी या बापाने पोराला काय शिकवलं असेल ते लिबोरिओला दिसत होतं. निकानोर छपरांकडे बघत राहिला. मग तो म्हणाला, "उद्यापासून तिथंही असंच मार."

"पण पप्पा, किती वाईट दिसतं ते!"

"दिसू दे. माझ्यासारखं नको मारूस, पोरा. माझी कधी लागलीच नाही."

लिबोरिओने साठ खोडले आणि पेन काढलं.

"किती?" निकानोरने विचारलं.

"पंचेचाळीस."

"म्हणजे माझ्यापेक्षा दहा जास्त," निकानोर म्हणाला आणि कॉफी टाकायला आत गेला. कॉफी यायला फार वेळ लागला.