दिवाकररावांच्या आवाजाचे तीन मजले

दिवाकर साळव्यांच्या आवाजाला तीन मजले होते. अंबडच्या कंपनीत साहेब समोर आले की आवाज वरच्या मजल्यावर चढायचा, बारीक आणि मधाळ: "हो सर, झालंच सर." दुसऱ्या शिफ्टचा सुपरवायझर नवनाथ भेटला की मधल्या मजल्यावर टाळ्या, टपल्या आणि त्याच्याच डब्यातली भाजी. पॅकिंगच्या कंत्राटी बायकांसाठी तळमजला: "ए मावशी, हात चालव!" तोंडाला रुमाल, डोक्याला टोपी, त्यामुळे सगळ्याच मावशी. नावं हवीत कशाला?

माणूस वाईट नव्हता हो! चर्चच्या कारभारी मंडळात पंच होता. रविवारी उपासनेत त्याने संदेश दिला, तोही याच विषयावर. वरच्याचा मान राखा, बरोबरीच्याला आपल्याहून मोठा माना, हाताखालच्याशी न्यायाने वागा. कारण तुमचाही एक धनी स्वर्गात आहे. इतका रंगला की बायकोने, सुधाने, पहिल्या बाकावरून घड्याळ दाखवलं.

उत्तम शुक्रवाराच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी त्यांच्या चर्चमध्ये बाराजणांचे पाय धुण्याची रीत. प्रभूने शिष्यांचे धुतले, म्हणून चर्चचे पाळकसाहेब मंडळीचे धुतात. यंदा त्यांची कंबर धरली.

"दिवाकरराव, रविवारी सुंदर बोललात. आता वाका."

दिवाकर खुशीत वाकला. गुडघ्याखाली उशी, खांद्यावर नवा टॉवेल, सुधा मोबाइल घेऊन सज्ज. काम सोपं होतं, कारण जो तो घरूनच साबणाने पाय धुऊन आलेला. चारचौघांत मळके पाय कोण दाखवतं? घमेलं सरकत सरकत शेवटच्या खुर्चीपाशी आलं.

तिथला पाय दिवाकरने हातात घेतला.

समोरच्या पायाची दोन बोटं काळीनिळी, टम्म सुजलेली. वर चिंधी, आणि चिंधीवर खोकी बंद करायची चिकटपट्टी. पट्टीवर छापलेलं नाव त्याच्याच कंपनीचं!

गेल्याच आठवड्यात त्याने घाई केली म्हणून एक जड पेटी घसरली होती आणि एक मावशी पाय धरून मट्‌कन खाली बसली होती. "नाटकं नकोत! घरी जा, बोलावल्याशिवाय येऊ नकोस," असं तळमजल्यावरून गरजून दिवाकर मोकळा झाला होता. कारण गेटवर पाटी होती, अपघाताविना किती दिवस गेले त्याची. त्या आकड्यावर शनिवारी साहेबांच्या हातून बक्षीस मिळायचं होतं.

त्याने मान वर केली. रुमाल नाही, टोपी नाही. मागच्या बाकावर बसून सगळ्यात मोठ्याने गाणारी सुलाबाई! दर रविवारी तो तिला "सलाम, सुलाबाई" म्हणायचा. गेल्या रविवारी तर, ती लंगडताना पाहून, "देव बरं करो," असंही म्हणाला होता.

"तु... तुम्ही?"

"मीच की, भाऊ."

"कंपनीत कधी बोलला नाहीत ते?"

"तिथं तुम्ही थांबता कुठं ऐकायला? रविवारी तुमचा संदेश ऐकला. म्हटलं, सोमवारी बोलावणं येणार. नाय आलं." तिने आवाज खाली आणला. "भाऊ, दुसरी बाई घेतली का माझ्या जागी?"

मागून सुधा ओरडली, "अहो, वर बघा! हसा ना जरा!"

"हळू चोळा," सुलाबाई कळवळली. "आणि पाणी कोमट आणायचं होतं."

तिथूनच, टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून, त्याने तिला स्कूटरवरून डॉक्टरकडे नेलं. हाडाला चीर होती.

शनिवारी साहेब ट्रॉफी घेऊन गेटवर उभे. दिवाकरने बाहीने पाटीवरचा आकडा पुसला आणि खडूने भलं मोठं शून्य काढलं.

"साळवे, हे काय?"

"अपघात झालाय, सर. माझ्या घाईने. मीच लपवला. सुलाबाईंना भरपगारी रजा हवी, आणि त्यांची जागा तशीच राहायला हवी."

आवाज कुठल्या मजल्यावरचा, ते नवनाथलाही ओळखता येईना. "दिव्या, डोकं फिरलं का तुझं?" तो कुजबुजला. साहेबांनी शून्याकडे पाहिलं. म्हणाले, "रजेचा अर्ज पाठवा," आणि ट्रॉफी गाडीत ठेवून निघून गेले.

दिवाकर सरळ पॅकिंगमध्ये गेला. पहिल्याच टेबलाशी उभं राहून हळू आवाजात त्याने विचारलं, "मावशी, तुमचं नाव काय?"

मावशीच्या हातातलं खोकं खाली पडलं. "चतुराबाई," ती चाचरत म्हणाली. "पण साहेब, कामावरनं काढताय कशापायी? माझं काय चुकलं?"